चुकीला कंस, समासात नोंद

कारेगावात ज्याच्या घरी जमिनीचा एक तुकडा तरी आहे त्याला सातबाऱ्याचा उतारा कसा वाचावा हे शिकवावे लागत नाही. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली, तिच्यापायी जमिनींची संपादने झाली, त्यामागून वाटण्या, खरेदीखते आणि वारसनोंदी झाल्या, आणि या प्रत्येक व्यवहाराची खूण त्या एका कागदावर उमटत गेली; त्यामुळे ज्या वृद्धाला अक्षर लावून वाचणे जड जाते तोही उताऱ्यावरच्या कंसावर बोट ठेवून, हे नाव केव्हा आणि कशामुळे कमी झाले ते सांगू शकतो. या कागदाची एक रीत मला फार मोलाची वाटते. जुन्या नावाचा हक्क संपला तरी ते नाव खरवडून काढीत नाहीत. त्याला कंस घालतात, शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात, आणि तो क्रमांक घेऊन कोणीही गाव नमुना सहाची नोंदवही उघडली की बदल कोणत्या दाखल्यावरून झाला हे त्याला वाचता येते. नोंद धरल्यावर संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि त्यानंतरच मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५५ ने लेखनप्रमादाची दुरुस्ती वेगळी काढलेली आहे : लिहिणाऱ्याच्या हातून झालेली चूक एका वाटेने जाते, हक्काचा वाद दुसऱ्या वाटेने.

मानसशास्त्र हा विषय घेतलेली अकरावी-बारावीची आणि पदवीच्या वर्गातील मुले-मुली संध्याकाळी माझ्याकडे पुस्तके घेऊन येतात. त्यांतील काहींचे आईवडील मराठवाड्यातून, विदर्भातून, काहींचे उत्तर प्रदेश-बिहारातून वसाहतीत कामाला आलेले. कोणी स्वतःच कारखान्यात पाळीवर जाऊन उरलेल्या वेळात मुक्त विद्यापीठाचा अभ्यास करतो. पुस्तके बहुधा जुनी, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून निम्म्या किमतीत आणलेली, किंवा आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडून हस्ते परहस्ते आलेली. आणि प्रश्न ठरलेला : “सर, या पुस्तकात एक आहे, त्या पुस्तकात दुसरेच आहे, मग खरे कोणते धरायचे?” या प्रश्नाला ‘तुमचे क्रमिक पुस्तक म्हणेल ते’ असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते विद्यार्थ्याच्या बुद्धीचा अवमान करणारे आहे, आणि ‘छापील पुस्तकांवर विश्वासच ठेवू नका’ हे उत्तर तर त्याहून घातक. सातबाऱ्याची रीत पुस्तकाला लावावी, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ती कशी लावावी हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम हे समजून घ्यावे की पाठ्यपुस्तकात चूक शिरते ती लेखकाच्या आळसामुळेच शिरते असे नाही. मानसशास्त्राचा पसारा इतका मोठा आहे की एका लेखकाने प्रत्येक प्रयोगाचा मूळ निबंध वाचणे अशक्यप्राय असते. तो पूर्वीच्या पुस्तकावर विसंबतो, ते पुस्तक त्याच्या आधीच्या पुस्तकावर विसंबलेले असते, आणि कीर्तनात आख्यान जसे बुवागणिक थोडे अधिक रंगत जाते तसा प्रयोगाचा वृत्तांत पिढीगणिक अधिक रेखीव, अधिक बोधप्रद आणि मुळापासून अधिक दूर होत जातो. मराठी पुस्तकाच्या वाटेत भाषांतराचा आणखी एक टप्पा असतो. म्हणून ज्या गोष्टी अतिशय नीटस वाटतात, ज्यांचा शेवट कथेसारखा गोड किंवा भयंकर असतो, त्यांच्यापाशी विद्यार्थ्याने अंमळ थांबावे.

थांबल्यावर पहिला विचार हा करावा की चूक कोणत्या जातीची आहे. छपाईत अंक उलटला, नाव बिघडले, आकृतीखालचा मजकूर दुसऱ्या आकृतीखाली गेला, तर तो लेखनप्रमाद. प्रयोगात जे घडले नाही ते घडले म्हणून सांगितले, तर तो वस्तुदोष. पुस्तक छापले तेव्हा बरोबर होते पण पुढे शास्त्राने किंवा कायद्याने ते बदलले, तर तो कालदोष. आणि जेथे दोन अभ्यासकांचे मत भिन्न आहे आणि पुस्तकाने त्यांतले एक मत मांडले आहे, तेथे चूक नाहीच. तो मतभेद आहे, आणि त्याला कंस घालण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही. या चौथ्या जातीला चूक समजून जे विद्यार्थी समास भरून टाकतात, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की फ्रॉइड आपल्याला पटत नाही हे दुरुस्तीचे कारण होऊ शकत नाही. फ्रॉइडने जे म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घातले असेल तरच ते होते.

लेखनप्रमाद शोधण्यास मोठे ग्रंथालय लागत नाही. सन आणि नावे यांची रुजवात घातली की पुरते. एक उदाहरण घ्या. बुद्धिगुणांकाची कल्पना फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने याने मांडली असे विधान पुष्कळ ठिकाणी आढळते. बिने आणि सिमाँ यांची कसोटी १९०५ ची; बिनेचे देहावसान १९११ साली झाले; मानसिक वयाला शारीरिक वयाने भागावे ही सूचना जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न याने १९१२ साली केली, आणि त्या भागाकाराला शंभराने गुणण्याची पद्धत टर्मनच्या १९१६ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीने रूढ केली. हे चार सन एका ओळीत मांडले की मृत्यूनंतर वर्षभराने जन्मलेली कल्पना बिनेच्या नावावर लावता येत नाही, हे आठवीतल्या मुलालाही दिसेल. त्याच रीतीने पावलोव्हचे नोबेल पारितोषिक तपासावे : ते १९०४ साली पचनक्रियेवरील संशोधनासाठी मिळाले, अभिसंधानासाठी नव्हे. वुंटची लाइपझिग येथील प्रयोगशाळा १८७९ ची. पण त्याला रचनावादाचा संस्थापक म्हणणे हे त्याचा शिष्य टिचनर याचे मत गुरूच्या माथी मारण्यासारखे आहे. नावांच्या बाबतीत, परकीय नाव इंग्रजी अक्षरांवरून वाचल्यामुळे जे अपभ्रंश होतात ते तर मुळाशी जाऊन सुधारावेत : ‘पियाजेट’ नव्हे पियाजे, ‘बिनेट’ नव्हे बिने, आणि ज्या थोर मनोविश्लेषकाला आपल्या पुस्तकांनी ‘जंग’ करून ठेवले आहे तो युंग.

बिनेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या कसोटीचे मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी रूपांतर केले, आपल्याकडील मुलांवर तिचे प्रमाणीकरण केले, आणि १९४० साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. बिने-कामत कसोटी या नावाने ती पुढे दीर्घकाळ चिकित्सालयांतून वापरली गेली. पॅरिसच्या शाळांतील मुलांविषयी पानभर लिहिणाऱ्या मराठी पुस्तकात ज्याने हे आपल्या भाषेत आणले त्याला दोन ओळीही मिळत नसतील, तर मी त्याला उणीव म्हणेन, आणि उणीवदेखील दुरुस्तीच्या पत्रात कळवण्याजोगी असते. तसेच भागाकाराचा जुना गुणांक आज प्रौढांना लागू करीत नाहीत. वेक्सलरने १९३९ साली आणलेल्या पद्धतीत व्यक्तीची तुलना तिच्या वयोगटाच्या सरासरीशी होते, सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरून. पुस्तकात केवळ भागाकाराचे सूत्र असेल तर ते खोडू नये. शेजारी ‘ऐतिहासिक’ असा शेरा लिहावा.

आता वस्तुदोष. हा भाग सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे एकच प्रयोग मी थोडा विस्ताराने घेतो, म्हणजे पडताळा कसा घ्यावा हे प्रत्यक्ष दिसेल.

जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांचा ‘लहान आल्बर्ट’चा प्रयोग मानसशास्त्राच्या बहुतेक प्रत्येक पुस्तकात असतो. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्समध्ये झालेल्या या प्रयोगाचा निबंध १९२० साली प्रसिद्ध झाला. आल्बर्टची पहिली तपासणी सुमारे नऊ महिन्यांचा असताना झाली. अकरा महिन्यांचा झाल्यावर पांढरा उंदीर त्याच्यासमोर आणून, तो हात लावू लागताच, टांगलेल्या चार फूट लांबीच्या पोलादी कांबीवर हातोड्याने घाव घातला गेला. अशा एकंदर सात वेळा उंदीर आणि आवाज यांची जोडी दाखवल्यानंतर मूल नुसत्या उंदरालाही भिऊ लागले, आणि पुढे ससा, कुत्रा, केसाळ कोट यांनाही. इतका वृत्तांत बहुतेक पुस्तकांत साधारणपणे बरोबर असतो. पण काही पुस्तकांत उंदराच्या जागी ससाच येतो. काहींत मुलाचे वय बदलते. काहींत भीती ज्यांना लागू झाली त्या वस्तूंच्या यादीत, मूळ प्रयोगात ज्यांचे नाव नाही अशा वस्तूंची भर पडते. आणि कित्येकांत शेवटी असे वाक्य येते की वॉटसनने नंतर त्या बालकाची भीती घालवून त्याला पूर्ववत केले. हे शेवटचे वाक्य निखालस असत्य आहे. भीती दूर करण्याची वेळ येण्यापूर्वीच मूल रुग्णालयातून नेले गेले, हे मूळ निबंधातच नमूद आहे. बेन हॅरिस या अभ्यासकाने १९७९ साली अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या नियतकालिकात या सर्व विकृतींचा शोध घेणारा लेख लिहिला, तो या कामाचा वस्तुपाठ आहे.

ही गोड समाप्ती कोठून आली असेल? १९२४ साली मेरी कव्हर जोन्स हिने पीटर नावाच्या मुलाची सशाविषयीची भीती, तो आवडीचे खाणे खात असताना ससा हळूहळू जवळ आणून, कमी केली. दोन प्रयोग, दोन मुले, दोन संशोधक. पण पाठ देणाऱ्याच्या स्मरणात ते एकमेकांत मिसळले असावेत, आणि ससा आला तोही बहुधा त्याच वाटेने. माझे अनुमान बाजूला ठेवले तरी एक परिणाम उघड आहे. एका अजाण बालकाला भयभीत करून तसेच सोडून दिले, ही संशोधननीतीच्या पाठातली सर्वांत बोलकी गोष्ट आपण विद्यार्थ्यापासून हिरावून घेतली, आणि ज्या स्त्रीने उपचाराचा मार्ग खरोखर शोधला तिचे श्रेय भलत्याच्या खाती जमा केले. एक चुकीचे वाक्य दोन अन्याय करते. म्हणून ते दुरुस्त करायचे.

हा पडताळा कारेगावात बसून घेता येतो. टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठातील क्रिस्टोफर ग्रीन यांनी मानसशास्त्राच्या इतिहासातील अभिजात निबंधांचा जो संग्रह विनामूल्य उपलब्ध करून दिला आहे, त्यात वॉटसन-रेनरचा १९२० चा निबंध आहे, मॅस्लोचा १९४३ चा आहे, बिनेचाही आहे. इंग्रजी जड वाटत असेल तर सगळा निबंध वाचण्याची आवश्यकता नाही. शंका असलेल्या वाक्याशी संबंधित परिच्छेद शोधावा आणि तेवढा, शब्दकोश शेजारी घेऊन, दोनदा वाचावा. मॅस्लोच्या निबंधात विद्यार्थ्याला प्रसिद्ध पिरॅमिड कोठेही सापडणार नाही, कारण तो त्याने त्यात काढलाच नव्हता. ती आकृती पुढे व्यवस्थापनशास्त्राच्या लेखनातून रूढ झाली. उलट, खालची गरज पूर्णपणे भागल्याशिवाय वरची जागी होत नाही असे समजू नये, असे मॅस्लोने तेथेच सांगून ठेवले आहे. आकृती राहू द्यावी. तिच्याखाली ‘ही मांडणी उत्तरकालीन’ एवढे लिहावे.

आकड्यांच्या चुका निराळ्या प्रकारच्या असतात, कारण आकडा खरा असूनही विधान खोटे होऊ शकते. सॉलोमन ॲशच्या रेषांच्या प्रयोगात चुकीच्या बहुमताला अनुसरून दिलेल्या उत्तरांचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. निदान एकदा तरी वाहवत गेलेल्या माणसांचे प्रमाण सुमारे ७५ टक्के. आणि एकदाही न वाहवलेल्यांचे सुमारे २५ टक्के. आता ‘तीनचतुर्थांश लोक बहुमतापुढे झुकले’ असे लिहिले की वाचक समजतो, हे लोक दर वेळी झुकले. वास्तविक सुमारे ६३ टक्के उत्तरे सभोवतीच्या सगळ्यांच्या विरुद्ध जाऊन दिलेली होती, आणि त्या प्रयोगाकडे स्वातंत्र्याचा प्रयोग म्हणूनही तितक्याच न्यायाने पाहता येते. टक्केवारी दिसली की तिचा छेद कोणता, माणसे की उत्तरे, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. मिलग्रमच्या आज्ञापालनाच्या प्रयोगातील ६५ टक्क्यांनाही हेच लागू : ४० पैकी २६ जण विजेच्या धक्क्यांच्या शेवटच्या कळीपर्यंत गेले ते प्रयोगाच्या एका विशिष्ट रूपात, इतर रूपांत हे प्रमाण पुष्कळच बदलते.

न्यूयॉर्कमधील किटी जेनोवीझ हिच्या १९६४ च्या हत्येची हकिकतही अशीच पाहण्याजोगी आहे. अडतीस जण खिडकीतून अर्धा तास पाहत राहिले आणि कोणी हालले नाही, हे वर्तमानपत्री वृत्त पाठ्यपुस्तकांनी जसेच्या तसे उचलले. मॅनिंग, लेव्हिन आणि कॉलिन्स या तिघांनी २००७ साली न्यायालयीन व इतर कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले की अडतीस प्रत्यक्षदर्शींचा पुरावा नाही, शेवटचा हल्ला जिन्याच्या आतल्या भागात झाल्याने बहुतेकांना तो दिसणेच शक्य नव्हते, आणि एक शेजारीण धावत जाऊन त्या मुलीजवळ अखेरपर्यंत बसली होती. येथे विद्यार्थ्याने उतावीळ होऊ नये. हकिकत दुरुस्त झाली म्हणून लाताने आणि डार्ली यांनी १९६८ मध्ये केलेले प्रयोग खोटे ठरत नाहीत. बघ्यांची संख्या वाढली की मदतीची शक्यता घटते, हा त्यांचा निष्कर्ष त्यांच्या प्रयोगांवर उभा आहे, त्या रात्रीवर नव्हे. कंस हकिकतीला घालावा, सिद्धान्ताला नव्हे.

मेंदूचा दहाच टक्के भाग वापरला जातो, अमुक मूल ‘उजव्या मेंदूचे’ असते, ज्याच्या त्याच्या ‘अध्ययनशैली’प्रमाणे शिकवले तर अधिक शिकले जाते, ही विधाने कोठे छापील आढळल्यास त्यांच्यासमोर निःशंकपणे प्रश्नचिन्ह घालावे, त्यांवर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

भाषेच्या चुकांबद्दल मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमच्याकडे त्या रोज घडताना दिसतात. ज्या घरात हिंदी बोलली जाते तेथील विद्यार्थी हिंदी मार्गदर्शिका आणतो आणि तिच्यातील शब्द मराठी उत्तरपत्रिकेत उतरवतो. ज्ञानेंद्रियावर उद्दीपकाचा आघात होऊन जी प्राथमिक जाणीव होते तिला मराठीत ‘वेदन’ म्हणतात, आणि त्या जाणिवेला अर्थ लावण्याच्या क्रियेला ‘संवेदन’. हिंदीत पहिलीला ‘संवेदना’ म्हणतात आणि दुसरीला ‘प्रत्यक्षण’ किंवा ‘प्रत्यक्षीकरण’. परिणाम असा की एकच शब्द दोन भाषांत दोन पायऱ्यांवर उभा आहे, आणि जो विद्यार्थी हे जाणत नाही त्याचे सगळे उत्तर एक पायरी घसरते. हिंदीतला ‘दंड’ मराठी माणसाला पैशाचा दंड वाटतो. मराठीतली ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण होते. म्हणून प्रत्येकाने वहीच्या शेवटी तीन रकाने आखून मराठी, हिंदी आणि इंग्रजी संज्ञा समोरासमोर लिहाव्यात, आणि मराठी रकान्यासाठी शासनाच्या भाषा संचालनालयाचा मानसशास्त्र परिभाषा कोश प्रमाण मानावा.

संज्ञेच्या नावानेच दिशाभूल होते अशीही काही स्थळे आहेत. ‘ऋण प्रबलन’ म्हणजे शिक्षा, ही चूक विद्यार्थी तर करतातच, पण मार्गदर्शिकांतूनही ती सर्रास आढळते. प्रबलन कोणतेही असो, त्याने वर्तन वाढते. ऋण हा शब्द एवढेच सांगतो की काहीतरी नकोसे दूर झाले. उसाच्या फडात उघड्या हाताने शिरले की पात्याची धार कातडीला ओरबाडते. जुन्या कापडाच्या बाह्या चढवल्या की ओरखडे थांबतात, आणि पुढच्या वेळी माणूस न सांगता बाह्या चढवतो. वर्तन वाढले, नकोशी गोष्ट गेली : हे ऋण प्रबलन. बाह्या विसरल्याबद्दल मुकादमाने झापले आणि विसरणे कमी झाले, तर ती शिक्षा. ‘छिन्नमनस्कता’ हा शब्दही असाच. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर याने १९०८ साली जी मूळ संज्ञा योजली तिच्यात मनाचे दुभंगणे आहे खरे, पण ते विचार, भावना आणि वर्तन यांच्यातील मेळ तुटण्याचे. एका देहात दोन माणसे नांदण्याचे नव्हे. ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ असे तिचे स्पष्टीकरण जेथे दिसेल तेथे ते अवश्य दुरुस्त करावे, कारण ही चूक परीक्षेपुरती राहत नाही. ज्या घरात तो आजार आहे त्या घराकडे शेजाऱ्यांनी कसे पाहावे हे ती ठरवते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवला तर दहा व्याख्यांनी जे होत नाही ते होते, असा माझा अनुभव आहे.

कालदोषाला लेखक दोषी नसतो, पण विद्यार्थ्याचे नुकसान तितकेच होते. जुन्या पुस्तकात मानसिक आरोग्याचा १९८७ चा कायदा असेल. त्याची जागा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने घेतली, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे त्याच्या कलम ११५ ने गृहीत धरले जाते व तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणातील पाच अक्षांची पद्धत २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत उरली नाही. समलैंगिकता तर त्या वर्गीकरणातून १९७३ सालीच वगळण्याचा निर्णय झाला होता. ‘मतिमंद’ या शब्दाऐवजी आता ‘बौद्धिक अक्षमता’ असे लिहितात. जुने पुस्तक वापरणाऱ्याने आपल्या प्रतीच्या पहिल्या पानावर आवृत्तीचा सन मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा आणि कायदा, वर्गीकरण व संज्ञा हे तीन विषय त्या सनापुढे तपासून घ्यावेत.

चूक निश्चित झाली, आता नोंद. मूळ वाक्य शाईने खोडू नये. त्याला पेन्सिलीने बारीक कंस घालावा, समासात क्रमांक द्यावा, आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्या क्रमांकापुढे आपले स्वतःचे शुद्धिपत्र लिहावे : पुस्तकातील मजकूर, सुचवलेला मजकूर, आधार, तारीख. आधाराचा रकाना रिकामा असेल तर ती नोंद कच्ची समजावी. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर किंवा वर्गातल्या हुशार मुलाचे म्हणणे हा आधार नव्हे. मूळ निबंध, नाहीतर त्या निबंधाचा तपास करून लिहिलेला जबाबदार लेख, हा आधार.

नंतर प्रकाशकाला कळवावे. अकरावी-बारावीचे पुस्तक असेल तर ते पुण्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाचे, म्हणजे १९६७ साली स्थापन झालेल्या आपल्या बालभारतीचे. पदवीचे असेल तर खासगी प्रकाशकाचे, आणि मग पत्राची एक प्रत विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाकडे. पत्रात संताप नसावा, स्तुतीही नसावी. मसुदा साधारण असा : “आपल्या अमुक पुस्तकाच्या अमुक सालच्या पुनर्मुद्रणात, अमुक पृष्ठावर, वरून सातव्या ओळीत, ॲशच्या प्रयोगात ७५ टक्के व्यक्तींनी चुकीची उत्तरे दिली असे विधान आहे. या व्यक्तींनी निदान एकदा चुकीचे उत्तर दिले होते. अशा उत्तरांचे एकंदर प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. आधार : ॲशचा १९५६ चा निबंध. ‘निदान एकदा’ हे शब्द घातल्यास विधान निर्दोष होईल.” एका पत्रात एकच चूक कळवावी, म्हणजे ते पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहत नाही, नक्कल आपल्यापाशी ठेवावी, पाठवल्याची पोच जपावी. उत्तर येईलच अशी खात्री मी देत नाही. पण २०१७ साली बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात, कुरूप किंवा अपंग मुलीसाठी हुंडा अधिक मागितला जातो अशा अर्थाचा मजकूर लोकांच्या नजरेस आला आणि एवढ्या हरकती उठल्या की तो काढण्यात येईल असे शिक्षणमंत्र्यांना जाहीर करावे लागले. कोणीतरी ते पान लक्षपूर्वक वाचले, येथून ती गोष्ट सुरू झाली.

परीक्षेत काय लिहावे, हा व्यावहारिक प्रश्न उरतो, आणि त्याला टाळून चालणार नाही. रिकाम्या जागा व पर्याय यांच्या प्रश्नांत क्रमिक पुस्तक मागते तेच लिहावे. तपासणाऱ्यापुढे नमुना उत्तरे असतात आणि एका गुणासाठी विद्यार्थ्याने हुतात्मा व्हावे असे मला वाटत नाही. दीर्घोत्तरी प्रश्नात मात्र पाठ्यपुस्तकातील विधान देऊन त्यापुढे ‘तथापि मूळ निबंधानुसार’ असे म्हणत एका वाक्यात दुरुस्ती लिहावी. असे लिहिल्याने गुण कापले जाण्याचे भय मुलांना वाटते; ते दूर करणे शिक्षकांच्या हाती आहे, आणि शिक्षकांनी वर्गात स्वतःच्या तोंडून झालेली एखादी चूक फळ्यावर लिहून, तिला कंस घालून दुरुस्त केली, तर ते भय एका तासात जाईल. मी स्वतः कित्येक वर्षे आल्बर्टची गोड समाप्ती शिकवीत होतो. ज्या दिवशी मूळ निबंध वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांपुढे ते कबूल केले, आणि त्या तासाइतके शांत ऐकणे मला क्वचित लाभले.

गेल्या वर्षी एका मुलीने अप्पा बळवंत चौकातून आणलेले पुस्तक माझ्यापुढे ठेवले. पावलोव्हच्या पाठात ‘घंटा’ या शब्दाला कोणा अज्ञात पूर्वमालकाने कंस घातला होता आणि समासात लिहिले होते, “घंटा कधीच वापरली नाही, मेट्रोनोम वापरला.” ही दुरुस्ती अर्धीच खरी आहे : पावलोव्हने मेट्रोनोम, गुणगुणणारे विद्युत्-यंत्र, त्वचेला स्पर्श अशी अनेक उद्दीपके वापरली, आणि क्वचित घंटाही. ‘कधीच’ या शब्दाला आधार नव्हता, आणि समासात आधार लिहिलेलाही नव्हता. त्या मुलीने रबर काढले. मी तिचा हात थांबवला. तिने पूर्वमालकाच्या त्या ओळीला कंस घातला, खाली नवी ओळ लिहिली, आधार लिहिला, तारीख घातली, आणि पुढच्या वर्षी पुस्तक ज्याच्या हाती जाईल त्याच्यासाठी तिच्याखाली दोन बोटे जागा कोरी ठेवली.